कुवेतच्या सरायतमध्ये दोन सीझन वापरलेला सीलबंद सेफ्टी गॉगल: एका सर्व्हेअरचा अनुभव

मागच्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फरवानियातल्या एका क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी माझी उजवी वरची पापणी कापसाच्या काडीवर उलटी केली आणि आतून वाळूचा एक कण काढला. कण निघाला तरी टोचणं थांबेना. मग त्यांनी डोळ्यात पिवळं औषध टाकलं, निळा दिवा लावला आणि म्हणाले, बुबुळावर ओरखडे आहेत. उभे, चार-पाच. पापणीची उघडझाप होताना तो कण दर वेळी बुबुळावरून वर-खाली घासला गेला होता. तीन दिवस मलम, थेंब आणि पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. मी सर्व्हेअर आहे. टोटल स्टेशनच्या, म्हणजे अंतर आणि कोन मोजायच्या यंत्राच्या, भिंगाला उजवा डोळा लावून दिवस काढायचा, त्यावर पोट. त्या तीन दिवसांत ठरवलं की साइटवर फुकट मिळतो तो गॉगल घालून सरायतच्या, म्हणजे इथल्या धुळीच्या वादळांच्या, दिवसांत पुन्हा उभं राहायचं नाही.

डोळा बरा झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी शुवैखच्या बाजारात गेलो आणि साडेनऊ दिनारला सीलबंद गॉगल घेतला. आपले अडीच हजारांच्या वर. हा रिव्ह्यू त्या गॉगलचा. गेल्या वर्षीचा उरलेला सीझन आणि यंदाचा पूर्ण सीझन वापरून लिहितोय. गॉगल म्हणजे उन्हाचा काळा चष्मा नव्हे. डोळ्यांभोवती चेहऱ्याला घट्ट बसणारा, पट्ट्याचा, पारदर्शक.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आधीचा गॉगल मी नाव बघूनच बरा समजत होतो. नाव बघू नका, फ्रेमवर कोरलेले अंक बघा. खाली बरंच काही लिहिलंय, पण सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

इथे नवीन आलेल्यांसाठी आधी सरायतबद्दल. साधारण मार्चच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत जी वादळं येतात त्यांना कुवेती लोक सरायत म्हणतात. आमच्या साइटवरचे कुवेती इन्स्पेक्टर सांगतात की या शब्दाचं मूळ रात्रीच्या चालण्यात आहे, कारण ही वादळं बहुतेक संध्याकाळी नाहीतर रात्री येतात. आपल्या माणसाला समजावायला मात्र एकच शब्द पुरतो: वळीव. मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडे वैशाखात दिवसभर जीव नकोसा होईल असं उकडतं, दुपारनंतर आभाळ एका अंगाला काळं होतं, वारा पडतो, आणि मग एकाएकी धुरळा उठतो. पत्रे वाजायला लागतात, आई वाळवण गोळा करायला माळवदावर धावते, आणि मागून टपोरे थेंब. इथेही तेच होतं. खालची हवा तापलेली आणि ओलसर, वरची थंड. ढग उभा वाढत जातो. पाऊस सुरू झाला की ढगातली गार हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. आमच्या रानात तिला अडवायला बांध असतात, बाभळी असतात, ज्वारीची धसकटं असतात. इथे काही नाही. ती येते ती पुढ्यात मातीची भिंत घेऊनच येते.

काही नाही म्हणालो, पण अर्फज आहे. ते कुवेतचं राष्ट्रीय फूल. गुडघ्याएवढं झुडूप, वसंतात बारीक पिवळी फुलं. जिथे जनावरांनी ते खाऊन टाकलेलं नाही तिथे प्रत्येक झुडपाच्या आडोशाला वाळूची एक छोटी रास साठलेली असते आणि तिची शेपटी आग्नेयेकडे निघालेली असते. नवीन साइटवर गेलो की मी आधी या शेपट्या बघतो. कायमचा वारा कुठून येतो ते कळतं, आणि इन्स्ट्रुमेंटची पेटी गाडीच्या कुठल्या अंगाला ठेवायची तेही कळतं. सरायतचं मात्र या शेपट्यांवरून काहीच सांगता येत नाही. ज्या बाजूला ढग फुटेल त्या बाजूने ती येते.

उन्हाळ्यातला शमाल निराळा. तो वायव्येचा, दक्षिण इराकच्या गाळाच्या सपाट जमिनीवरून धूळ घेऊन येणारा, जून-जुलैत कधी कधी दिवसचे दिवस चालणारा. शमाल असला की सगळे सकाळीच तोंड बांधून निघतात. सरायत अर्ध्या-पाऊण तासात येऊन जाते, तिच्या आधीचा दिवस चांगला असतो, आणि म्हणून माणसं गाफील सापडतात. मीही तसाच सापडलो होतो. २५ मार्च २०११ च्या शुक्रवारी धुळीची भिंत येऊन बघता बघता दिवसाची रात्र झाली होती, ते जुने लोक अजून सांगतात. मी तेव्हा इथे नव्हतो. २०२२ च्या मे महिन्यात मात्र होतो. त्या एका महिन्यात, १६ आणि २३ तारखेला, धुळीपायी विमानतळावरची उड्डाणं थांबवावी लागली होती. धुळीला इथे तोझ म्हणतात. पहिल्या महिन्यात शिकलेल्या पाच-सहा अरबी शब्दांत तो होता.

आता अंक. सेफ्टी गॉगलसाठी ईएन १६६ नावाचं युरोपियन मानक आहे आणि इथल्या बाजारातले बरेच गॉगल त्यावर तपासलेले असतात. फ्रेमच्या कडेला, बहुधा कानाच्या बाजूला, बारीक अक्षरांत काही अंक कोरलेले असतात. ३ म्हणजे द्रवाचे थेंब आणि शिंतोडे अडवतो. ४ म्हणजे जाड धूळ अडवतो, ५ मायक्रॉनपेक्षा मोठे कण. ५ म्हणजे वायू आणि त्याहून बारीक धूळ अडवतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. शिवाय अक्षरं असतात. एफ किंवा बी म्हणजे उडून आलेल्या तुकड्याचा मार किती सोसेल ते, त्यात बी जास्त मजबूत. एन म्हणजे आतून वाफ धरत नाही. के म्हणजे बारीक कणांच्या माऱ्याने काच लवकर खरवडत नाही.

साइटवर मिळालेल्या माझ्या जुन्या गॉगलवर ३ होता, फक्त ३. रसायनाचे शिंतोडे अडवायला तो चांगलाच होता. त्याला वरच्या अंगाला टोप्या लावलेली हवेची भोकं होती. टोपीमुळे थेंब आत जात नाही, पण वाऱ्यावर तरंगणारी धूळ टोपीला वळसा घालून आरामात जाते. मी पाच वर्षं तो गॉगल घालून धुळीत उभा होतो, आणि धुळीसाठी तो बनवलेलाच नव्हता. स्टोअरकीपरला दाखवलं तर तो म्हणाला, मुहंदिस (म्हणजे इंजिनियर), गॉगल तो गॉगल है. त्याला दोष देत नाही. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

नव्या गॉगलवर ३ ४ ५ तिन्ही आहेत, शिवाय बी, के आणि एन. याला भोकंच नाहीत. कडेने मऊ रबराची झालर, आणि तिच्या आतून फोमची पट्टी. पट्टा रुंद, इलॅस्टिकचा, मागे दोन बकलं. हेल्मेटच्या कडेला अडकवायच्या दोन क्लिपा पाकिटात वेगळ्या मिळाल्या. क्लिपा मी पहिल्या आठवड्यात वापरल्या नाहीत आणि त्यामुळे पट्टा दोनदा हेल्मेटवरून सटकला. लावाच.

या सीझनचा प्रसंग सांगतो, म्हणजे गॉगल कसा चालतो ते कळेल.

एप्रिलचा तिसरा आठवडा. साइट सुबियाच्या बाजूला, जाबिर पुलाच्या पलीकडे. समुद्रावरून जाणारा सुमारे ३६ किलोमीटरचा हा पूल १ मे २०१९ ला सुरू झाला. त्याआधी जहराकडून खाडीला वळसा मारून जावं लागायचं. आम्ही रस्त्याच्या आखणीचे पॉइंट टाकत होतो. सकाळपासून कौस वाहत होता. हा आग्नेयेचा दमट वारा, समुद्रावरून येतो, अंगाला चिकटतो. दुपारी दोनला पश्चिमेला फुलकोबीसारखे ढग दिसायला लागले. हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येऊन गेला होता. मी ठरवलं, अजून सहा पॉइंट आणि मग आवरू. हे ठरवणं चुकलं. सहापैकी चार झाले.

माझा हेल्पर सिवानचा आहे, बिहारचा, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. तो दोनशे मीटरवर प्रिझमचा पोल, म्हणजे यंत्रातून ज्यावर नेम धरून मोजायचं ती काठी, धरून उभा होता. वॉकी-टॉकीवर त्याचा आवाज आला, "सरजी, पीछे देखिए, दीवार आ रही है." मागे वळलो तर क्षितिजच नाही. त्या जागी विटकरी रंगाचा एक पट्टा, खालून गडद, वरून फुललेला, आणि त्याच्या माथ्यावर ऊन पडलेलं. कौस थांबला. त्या अर्ध्या मिनिटात इतकं शांत झालं की ट्रायपॉडच्या पट्ट्याची कडी पायावर वाजत होती तेवढाच आवाज.

इन्स्ट्रुमेंट आधी. टोटल स्टेशन सोडवून पेटीत, पेटी हाफ लॉरीत, म्हणजे पिकअपमध्ये. मग मास्क, मग गॉगल, मग गळ्याभोवतीचा सोलापुरी पंचा वर ओढून हेल्मेटखाली खोचला. पोराला निघून ये म्हणून सांगितलं होतं, पण तो पोल घेऊन चालत होता आणि भिंत त्याच्या मागून येत होती. तो पोचायच्या आत ती पोचली. मला गाडी दिसत होती, पोरगा दिसेनासा झाला. त्याच्याकडे साइटवरचा जुना गॉगल होता, तोच ३ वाला. मी त्याच्याकडे चालायला लागलो.

आधी वाळू लागते. जाड कण जमिनीलगत उड्या मारत येतात, ते पिंडरीला आणि मांडीला बसतात, पँटमधूनही टोचतात. तोंडाच्या उंचीवर येते ती बारीक धूळ, मेतकुटासारखी, आणि तिच्यात मधूनच एखादा जाड कण. काचेवर तो कण बसला की सुपात ज्वारी पाखडताना होतो तसा तडतड आवाज येतो. पहिल्या वर्षी हाच मारा मी उघड्या डोळ्यांनी सोसला होता. यंदा डोळे पूर्ण उघडे ठेवून चालत होतो. चार-पाच पावलांपुढचं दिसत नव्हतं, पण जे दिसत होतं ते स्वच्छ दिसत होतं. डोळ्यात पाणी नाही, पापण्या मिटायची ओढ नाही. आदल्या वर्षी डोळा दुखावला तो धुळीत नव्हे, तर डोळे मिटून आंधळेपणाने चाचपडताना गॉगल वर सरकवला तेव्हा. या गॉगलचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच की तो काढावासा वाटत नाही.

पोरगा सापडला तो पोल जमिनीत रोवून, त्याला धरून खाली बसलेला. शहाणपणाचं केलं त्याने. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, गॉगलच्या आतल्या बाजूला धुळीचा थर. त्याच्या खांद्याला धरून परत आणला. गाडीच्या चाकांचे माग बघत चाललो, ते अजून पुसले नव्हते. गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसला. धुळीच्या वादळात कण एकमेकांवर घासून वीज साठते, पहिल्यांदा माणूस दचकतो. आत बसलो, काचा बंद, एसी आतली हवा फिरवण्यावर. गाडी आधीपासून रस्त्यापासून लांब उभी होती. ती रस्त्याच्या कडेला असती तर मी आणखी आत नेऊन दिवे बंद केले असते. उभ्या गाडीचे दिवे बघून मागचा त्या रोखाने येतो.

मग पाऊस आला. दहा मिनिटं, आणि पहिली पाच मिनिटं तो पाऊस नव्हताच, चिखलाचे थेंब होते. काचेवर पडून खाली ओघळताना तपकिरी रेघ सोडत होते. गाडीत मी गॉगल काढला आणि पांढरा टिश्यू आतल्या फोमवरून फिरवला. भुवईच्या बाजूला काही नाही, नाकाजवळ काही नाही. दोन्ही कानशिलांपाशी मात्र बोटभर लांबीची फिकट पिवळी रेघ आली. ती का आली ते पुढे सांगतो. पोराच्या गॉगलमधून चमचाभर माती निघाली. त्याचे डोळे बाटलीतल्या पाण्याने धुतले, आणि घरी पोचेपर्यंत चोळू नको म्हणून दर पाच मिनिटांनी बजावत राहिलो. चोळण्याने काय होतं ते मला ठाऊक होतं.

ती कानशिलाची रेघ चष्म्याची. मला सव्वातीनचा उणे नंबर आहे आणि गॉगल चष्म्यावरून घालतो. चष्म्यावरून बसणारा गॉगल मागावा लागतो. त्याच्या आत जागा जास्त असते आणि कडेला काड्यांसाठी खाचा असतात. माझा तसाच आहे. पण माझी रोजची फ्रेम जाड प्लॅस्टिकची होती आणि तिची काडी खाचेत मावेना. जिथे काडी झालर उचलते तिथे फट, आणि तिथूनच धूळ. या वादळानंतर मी बारीक तारेच्या काडीचा जुना चष्मा साइटसाठी काढला. पुढच्या दोन सरायतींत टिश्यू कोरा निघाला. म्हणून दुकानात जाताना तुमचा साइटवरचा चष्मा घालूनच जा, गॉगल चढवून कानशिलावरून बोट फिरवून बघा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून धुळीत जाऊ नका, कितीही चांगला गॉगल असला तरी.

आता तक्रारी, आणि त्या थोड्या नाहीत.

हवा आत जात नाही म्हणजे घामही बाहेर जात नाही. एन खूण असली तरी माझ्या काचेवर कामात असताना वीस-पंचवीस मिनिटांत वाफ धरायला लागते, कौस असेल तर आणखी लवकर. गाडीत जाऊन, धूळ नसलेल्या जागी दोन मिनिटं काढून पुन्हा घालावा लागतो. सरायतला ते चालतं, कारण तिचा जोर तेवढ्यात ओसरतो. जुलैच्या शमालात दिवसभर हा गॉगल घालून काम करणं मला जमलेलं नाही आणि कुणाला जमेल असं वाटत नाही. त्यासाठी मी ४ खुणेचा, झाकलेल्या भोकांचा दुसरा गॉगल ठेवतो. त्यात थोडी धूळ येते पण माणूस टिकतो. दोन्ही हवेत. एकातच दोन्ही कामं व्हावीत ही अपेक्षा धरून पैसे घालवू नका.

वाफेचं निम्मं कारण मास्क असतो, हे मला उशिरा कळलं. मास्क नाकावर सैल असला की श्वास वरच्या कडेने निघतो आणि सरळ गॉगलखाली येतो. आधी मास्क, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची, मग गॉगल त्याच्या वरच्या कडेवर. उलट क्रमाने घातलं तर दोन्ही गळतात. मी एन ९५ किंवा एफएफपी २ वापरतो, समोर झडप असलेला, म्हणजे श्वास खाली जातो. निळा सर्जिकल मास्क धुळीत काही कामाचा नाही, तो गालांवर उघडा असतो. आणि दाढी वाढलेली असेल तर एन ९५ सुद्धा नीट बसत नाही. सीझनभर मी रोज दाढी करतो.

फोमची पट्टी पहिल्या वर्षीच कडेला सुटायला लागली. घामातलं मीठ आणि धूळ बसून ती कडक होते, मग भुवईवर रुतते, डोकं दुखतं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुतली आणि सावलीत वाळवली की मऊ होते. हे मी दर गुरुवारी रात्री करतो. पट्टाही त्याच पाण्यात. इलॅस्टिक धुळीने सैल पडतं, यंदा मेमध्ये एक बकल आणखी आत घ्यावं लागलं. रबराचा पट्टा मिळत असेल तर तो घ्या.

सुटी काच मिळते असं दुकानदाराने सांगितलं होतं. मिळते, पण ऑर्डर देऊन तीन आठवड्यांनी, अडीच दिनारला. सीझन दीड महिन्याचा. गॉगल घेतानाच एक काच जास्तीची मागून ठेवायला हवी होती.

काच पुसण्याबद्दल जरा तपशिलात सांगतो, कारण बहुतेक जण इथेच गॉगल खराब करतात. वादळ ओसरलं की हात आपोआप शर्टाच्या बाहीकडे जातो. नका करू. वाळूत क्वार्ट्झ असतं, कडकपणाच्या मोजपट्टीवर ते ७ वर येतं. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. आणि गॉगलची काच ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, त्याहून कितीतरी मऊ. कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. आम्ही टोटल स्टेशनच्या भिंगाला कधी फडकं लावत नाही. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी कापड. गॉगलला तेच करा, नाहीतर सरळ पाण्याखाली धरा. बाटलीतलं पाणी वरून ओता, कण वाहून जाऊ द्या, झटका आणि वाळू द्या. आतल्या बाजूला तर बोटही लावू नका, वाफ न धरणारा लेप तिथेच असतो. माझ्या पहिल्या काचेवर उजव्या बाजूला एक धुरकट पट्टा आहे, तो मी पहिल्याच आठवड्यात पंच्याने आतून पुसल्याचा. दुसरी काच अजून नव्यासारखी आहे. के खुणेचा उपयोग आहेच, पण हाताच्या सवयीचा जास्त आहे.

दुकानाबद्दल. शुवैखमध्ये सेफ्टीच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. मी तीन फिरलो. दोन ठिकाणी ३ वालाच पुढे केला आणि "डस्ट के लिए बेस्ट" म्हणाले. तिसऱ्या दुकानातल्या मलबारी चाचांनी मी अंक विचारल्यावर काही न बोलता खालच्या फळीवरून खोका काढला, फ्रेमवर बॅटरी मारली आणि तिन्ही अंक दाखवले. चष्म्यावर चढवून बघू दिला. किंमत कमी केली नाही, पण तीन घेतले तर नऊला देतो म्हणाले. ते लक्षात ठेवलं.

पाचपैकी चार. एक गुण वाफेचा आणि सुट्या काचेच्या उशिराचा कापला. सरायतच्या दिवसांत उघड्यावर काम करणाऱ्या कुणालाही, सर्व्हेअर, क्रेनचा सिग्नलमन, ट्रॅफिकमध्ये झेंडा धरून उभा राहणारा, सांगेन की घ्या. डिलिव्हरीच्या मोटरसायकलवरच्या पोरांना आणखी कळकळीने सांगेन, पण त्यांनी धूळ दिसली की आधी थांबावं, गॉगल असो वा नसो. शहरात ऑफिसला जाणाऱ्याला याची गरज नाही. त्याने गाडीत एक मास्क आणि पाण्याची बाटली ठेवली तरी पुष्कळ.

सुबियाच्या त्या दिवसानंतर मी सेफ्टी ऑफिसरला टिश्यू दाखवला आणि पोराचा मातीने भरलेला गॉगलही दाखवला. असे गॉगल मिळावेत म्हणून अर्ज दिला आहे, उत्तर यायचं आहे. तोवर वाट बघण्यात अर्थ नव्हता, सीझन चालू होता. चाचांकडून तीन घेतले, नऊच्या भावाने. दोन माझ्या दोन्ही हेल्परना. सिवानच्या पोराने पहिल्या दिवशी तो जेवतानाही कपाळावर ठेवला होता.

तिसरा वडिलांसाठी. आमच्याकडे मालदांडी ज्वारीची मळणी निघते तेव्हा यंत्राच्या तोंडाशी ते स्वतः उभे राहतात, डोक्याला टॉवेल, डोळे बारीक केलेले, आणि संध्याकाळी लालभडक डोळ्यांत आई गुलाबपाणी टाकते. भुसकटाची ती धूळ डोळ्याला इथल्या तोझपेक्षा कमी नाही, वर कुसळं. फोनवर म्हणाले, पाठव, पण माझ्या चष्म्यावर बसेल का बघ. त्यांचा चष्मा जाड काडीचा आहे. गॉगल माझ्या बॅगेत तयार आहे. सुट्टीत गेलो की आधी पंढरपूरला नेऊन त्यांना बारीक काडीची फ्रेम करून द्यायची आहे.